मुस्तफा नावाचा नायक

ईदच्या दिवशी मुकुटबनहून वणीला जाणाऱ्या एसटीत आम्हा पोरांची गर्दी असायची. ईदगाहवरची नमाज झालेली, पोटात शीरखुर्मा, अंगावर नवे कपडे आणि खिशात ईदीचे पैसे. मोठ्यांना वाटे, पोरे नातलगांना सलाम करायला निघाली आहेत. ते अगदीच खोटे नव्हते. वणीला खाला राहत होती आणि तिच्याकडे आम्ही जातही असू. परंतु खालाच्या घराच्या अलीकडे एका अरुंद गल्लीत, शटर अर्धे खाली ओढलेले एक दुकान होते. त्याला पाटी नव्हती. सगळे त्याला नुसते 'गेम' म्हणत. 'गेमवर जाणे' म्हणजे तिथे जाणे. आमच्या ईदीचा मोठा हिस्सा त्या शटरच्या आत संपत असे. गोष्ट 1995-96 च्या सुमाराची आहे.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातले गाव. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद. तो मुलूख तेव्हा आंध्र प्रदेशात होता, 2014 पासून तेलंगणात आहे. जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, जमिनीवर कापूस. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि आमची घरची उर्दू अशा पाच बोली एकाच वेळी कानावर पडत. अशा गावाचा आणि जपानमध्ये तयार झालेल्या व्हिडिओ गेमचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्या संबंधाचाच हा छोटासा इतिहास आहे. आपल्या मुस्लिम मराठी लेखनात मोहल्ला आला, उरूस आला, मोहरमची सवारी आली, दंगलही आली. 'गेम' मात्र फारसा आला नाही. कदाचित आपल्याला त्याची लाज वाटत असावी.

त्या दुकानात तीन यंत्रे होती. प्रत्येक यंत्र म्हणजे माणसाच्या छातीइतके उंच लाकडी कपाट, वर टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि खाली उतरत्या फळीवर एक दांडा नि काही बटणे. दांड्याच्या टोकाला प्लास्टिकचा गोळा. आम्ही त्याला 'हँडल' म्हणायचो. मालकाला एक रुपया दिला की तो पितळी टोकन द्यायचा आणि टोकन फटीतून आत गेले की पडद्यावर खेळ जिवंत व्हायचा. आत पंखा नव्हता. बिडीचा धूर, घामाचा वास आणि तीन यंत्रांचे तीन वेगळे आवाज. या कोंदट खोलीत उभ्या उभ्या तास कसा जाई ते कळत नसे.

हँडलची रचना मला पुढे बऱ्याच वर्षांनी समजली. ती अगदी साधी आहे. दांड्याच्या मुळाशी चार दिशांना चार स्विच बसवलेले असतात. दांडा डावीकडे झुकवला की त्याचे बूड विरुद्ध बाजूला सरकते आणि तिथला स्विच दाबला जातो. तिरका झुकवला तर दोन स्विच एकदम दाबले जातात. म्हणजे चार स्विचमधून आठ दिशा मिळतात. जुन्या हँडलमध्ये स्विचच्या जागी धातूच्या दोन लवचीक पट्ट्या असत. त्या एकमेकींना टेकल्या की काम झाले. पट्ट्यांवर काट चढली की हँडल रुसायचे. मग मालक कपाटाचे मागचे दार उघडून, पॉलिश पेपरने त्या घासून पुन्हा चालू करायचा. नव्या हँडलमध्ये बंद डबीतले छोटे स्विच आले. त्यांचा 'टिक टिक' आवाज आजही कानात आहे.

ही यंत्रे तालुक्याच्या गावापर्यंत कशी पोचली? जपानच्या तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' 1978 सालचा आणि नामकोचा 'पॅक-मॅन' 1980 चा. त्या पहिल्या काळात एका कपाटात एकच खेळ असे. खेळ जुना झाला की तेच कपाट दुसऱ्या खेळासाठी वापरायचे तर आतल्या तारांची नव्याने जुळणी करावी लागे. 1985 साली जपानमधल्या यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने तारांच्या जोडणीचा एक समान नमुना ठरवला. संघटनेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जामा' म्हणतात. छप्पन्न टोकांचा एकच जोड. एक बोर्ड काढायचा, दुसरा खोचायचा, खेळ बदलला. वाचायला ही बाब रूक्ष वाटेल. परंतु आमच्यासारख्या गावांच्या दृष्टीने सगळे काही याच जोडावर अवलंबून होते. आता कपाट जपानहून आणायची गरज उरली नाही. ते कोणताही सुतार करू शकत होता. ट्यूब टीव्ही मेकॅनिककडून मिळे. बाहेरून यायचा तो फक्त बोर्ड, आणि तोही अनेकदा नकली किंवा कुणाचा तरी वापरून झालेला. आमच्या मालकाला बोर्ड कुठून आणला असे विचारले, की तो एकच उत्तर द्यायचा, "बंबईहून." त्यापुढे तो सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या तीन यंत्रांपैकी एकावर 'स्ट्रीट फायटर' चालायचा. जपानच्याच कॅपकॉम कंपनीचा हा खेळ. त्याचा गाजलेला दुसरा भाग 1991 सालचा. त्यात देशोदेशीचे मल्ल होते आणि एक भारतीयही होता. नाव धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांबणारे आणि तोंडातून आग. आपल्या देशाचा एकुलता एक खेळाडू, पण आमच्या दुकानात त्याला कोणी हात लावत नसे. हिंदू पोरेही नाही आणि मुसलमान पोरेही नाही. दुरून पाहणाऱ्याने काढलेले आपले चित्र आपल्याला कसे दिसते, याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला धडा होता. अर्थात तेव्हा तो धडा आहे हे समजत नव्हते.

दुसऱ्या यंत्रावर मुस्तफा होता.

खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. कॅपकॉमनेच तो 1993 साली काढला. मूळ आधार मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 1987 पासून निघालेल्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेचा. पृथ्वीवर मोठा उत्पात होतो, माणसे शेकडो वर्षे जमिनीखाली राहतात आणि वर येतात तेव्हा डायनासोर परतलेले असतात, अशी ती कल्पना. नायक जॅक टेनरेक. जुन्या कॅडिलॅक मोटारी दुरुस्त करणारा मेकॅनिक. नायिका हॅना डंडी. आणि जॅकचा एक साथीदार, मुस्तफा कैरो.

खेळ सुरू होताना पडद्यावर चार माणसे उभी राहत आणि त्यांतला एक निवडावा लागे. जॅक, हॅना, मेस नावाचा एक धिप्पाड माणूस आणि पिवळ्या टोपीतला मुस्तफा. मुस्तफा सगळ्यांत चपळ. धावत जाऊन तो हवेत उडी घेई आणि त्याची लाथ बसली की समोरचे दोन-तीन गुंड एकदम आडवे होत. तिघांनी मिळून एकाच वेळी खेळता येत असे. पण मुस्तफा एकच असल्याने दर वेळी भांडण ठरलेले. "मुस्तफा मले पाह्यजे!" ही आरोळी त्या खोलीत दिवसभर उठायची. शेवटी मालकाने कायदा केला. ज्याचे टोकन आधी, त्याचा मुस्तफा.

खेळाचे इंग्रजी नाव कोणालाच उच्चारता येत नव्हते आणि कोणाला त्याची गरजही वाटली नाही. सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणू लागले. मला वाटायचे हे आमच्या वणीतच आहे. पुढे शिक्षणासाठी नागपूरला गेलो, नंतर नोकरीनिमित्त हैदराबाद आणि पुणे झाले. जाईन तिथे माझ्या वयाची माणसे त्या खेळाला 'मुस्तफा' म्हणूनच ओळखत होती. पाकिस्तानातही त्याचे हेच नाव प्रचलित आहे. चित्रकथेत मुस्तफा हा नायकाचा साथीदार. यंत्रावर मात्र ज्याच्या हाती हँडल, तो ठरवील तो नायक. आणि सगळ्या उपखंडातल्या पोरांनी, एकमेकांना न विचारता, साथीदाराला नायक केले. एवढेच नाही, तर खेळालाच त्याचे नाव दिले.

हे ज्या वर्षांत घडले ती वर्षे वाचकांना आठवत असतील. 6 डिसेंबर 1992, त्यानंतरची मुंबई, 1993 चे बॉम्बस्फोट. आमच्या वर्गात आम्ही दोघेच मुसलमान होतो. त्या काळात आपले नाव सांगताना एक क्षण थांबायची सवय मला लागली. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातला एक मुलगा हमखास म्हणायचा, "काल तुमचे हरले." मी त्याला कधी उत्तर दिले नाही. घरीही सांगितले नाही. तेव्हाच्या हिंदी सिनेमात आपल्या नावाचा माणूस दिसायचा तो बहुधा नायकाचा जिवलग दोस्त म्हणून, आणि मध्यंतरानंतर नायकासाठी गोळी खाऊन मरायचा. नाहीतर तो तस्कर असायचा. शेवटपर्यंत जिवंत राहणारा, मोटार चालवणारा, हसणारा आणि दुष्टांना लाथा घालणारा मुस्तफा आम्ही प्रथम त्या लाकडी कपाटात पाहिला.

तोच वर्गातला मुलगा एकदा मला गेमवर भेटला. त्याचा मामा वणीचा. माझे टोकन आधी पडले होते म्हणून मुस्तफा माझ्याकडे होता आणि त्याला जॅक घ्यावा लागला. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून बराच वेळ खेळलो. पुढे एका डायनासोरच्या तडाख्यात माझा जीव संपत आला, तेव्हा तो ओरडला, "अबे सांभाळ, आपला मुस्तफा मरते ना!" तो 'आपला' म्हणाला. सोमवारी शाळेत तो पुन्हा पूर्वीसारखाच वागला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एका खेळाने माणसे बदलतात असा माझा दावा नाही. पण तो शब्द मी ऐकला होता आणि तो मला आजतागायत पुरला आहे.

घरच्या वडीलधाऱ्यांचा या सगळ्याला विरोध होता. तो समजण्यासारखा होता. पैसे घातले की चालणारे यंत्र म्हणजे जुगार, अशी सर्वसाधारण समजूत होती आणि ती पूर्णपणे निराधारही नव्हती. व्हिडिओ गेमच्या पाटीखाली जुगाराची यंत्रे चालवणारे लोक शहरांतून होतेच. पोलिसांच्या धाडींच्या बातम्याही येत. एकदा नव्या सिपाऱ्यासाठी दिलेले पैसे मी गेमवर उडवले आणि पकडला गेलो. अब्बांनी मारले नाही. समोर बसवून शांतपणे विचारले, "उसमें जीते तो पैसा मिलता क्या?" मी म्हणालो, "नहीं अब्बा." "फिर क्या मिलता?" मी बराच विचार करून खरे ते सांगितले, "कुछ नहीं. आखिर में हारतेच." अब्बांना हसू आवरले नाही. म्हणाले, "फिर जुआ नहीं है. बेवकूफी है." मैसिर आणि मूर्खपणा यांतला हा फरक त्यांनी केला म्हणून मी वाचलो. सिपारा मात्र पुढच्या जुमेरातीपर्यंत स्वतःच्या पैशांनी आणायचा असे ठरले. ते पैसे मी कापूस वेचून मिळवले.

2000 सालानंतर दुकान ओस पडू लागले. घरोघर स्वस्त टीव्ही गेम आले, मग सायबर कॅफे आले. एका वर्षी ईदला गेलो तर शटरच्या आत मोबाइलचे दुकान होते. कपाटे कुठे गेली असे विचारले. ट्यूब कोणीतरी नेल्या होत्या, लाकूड चुलीत गेले होते. बोर्डांचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते.

याच सुमारास नागपूरच्या एका सायबर कॅफेत मला मुस्तफा पुन्हा भेटला. संगणकाच्या पडद्यावर तीच चार माणसे उभी होती. मी चकित झालो. ही किमया एम्युलेटरची होती. एम्युलेटर म्हणजे संगणकातला बहुरूपी. पूर्वी गावात बहुरूपी यायचा, फौजदाराचा वेश घेऊन असा दरडावायचा की खरा फौजदार आला म्हणून माणसे घाबरायची. एम्युलेटर हा असा प्रोग्राम आहे, जो घरच्या संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावतो. कॅपकॉमच्या त्या बोर्डावर मोटोरोला कंपनीचा 68000 हा प्रोसेसर होता. बहुरूपी त्याची प्रत्येक आज्ञा आपल्या संगणकाच्या भाषेत करून दाखवतो. मूळ बोर्डावरच्या चिपांमधली माहिती वाचून तिच्या फायली केलेल्या असतात. त्या फायलींना आपण खऱ्याच यंत्रात आहोत असे वाटते.

या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे नाव निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाचे. त्याने 5 फेब्रुवारी 1997 रोजी 'मेम' नावाच्या एम्युलेटरची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. सुरुवात 'पॅक-मॅन'च्या जातीच्या मोजक्या खेळांपासून झाली होती. पुढे जगभरचे स्वयंसेवक जोडले गेले आणि हजारो यंत्रांची नोंद त्यात झाली. 2016 साली तो संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुला करण्यात आला. आपल्याकडच्या कॅफेंमधून मात्र 'कावाक्स' हा दुसरा एम्युलेटर जास्त चालला, कारण कॅपकॉमचे खेळ त्यावर सहज चालत. रस्त्यावर मिळणाऱ्या सीडीवर स्केचपेनने 'मुस्तफा' एवढेच लिहिलेले असे आणि गिऱ्हाइकाला ते पुरे होई.

हे कायदेशीर होते का? नव्हते. एम्युलेटर स्वतः बेकायदा नाही. पण खेळाच्या फायली मालकाच्या परवानगीशिवाय वाटणे ही चोरीच. मी तिचे समर्थन करणार नाही. पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हा खेळ चित्रकथेच्या हक्कांवर उभा होता आणि यंत्रावरची ती आवृत्ती त्या काळी घरगुती यंत्रांसाठी कधीच निघाली नाही. कॅपकॉमने 2018 साली आपल्या अशाच सात जुन्या खेळांचा संच नव्याने विक्रीला काढला, त्यातही मुस्तफा नव्हता. मूळ बोर्डांचे आयुष्यही मर्यादित. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमच्या त्या काळातल्या काही बोर्डांवर बॅटरी बसवलेली असे. ती संपली की सांकेतिक चावी पुसली जाई आणि बोर्ड निकामी होई. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे विकत घेतला, त्याचाही खेळ एक दिवस मरणार. आमच्या दुकानातले बोर्ड भंगारात गेले. आज तो खेळ जिवंत दिसतो तो या बहुरूप्यांमुळे. ज्यांचा इतिहास कोणी दप्तरात ठेवत नाही, त्यांच्या वस्तू अशाच आडवाटेने टिकतात. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी जुनी हस्तलिखिते, कव्वालीच्या किती ध्वनिफिती कोणाच्या तरी बेकायदा प्रतींमुळेच वाचल्या आहेत.

कॅफेतल्या मुस्तफात एक उणीव होती. तो कीबोर्डवर खेळावा लागे. बाणांच्या बटणांवर बोटे फिरत, पण अंगठा आणि मनगट रिकामे राहत. दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळले तर काही बटणे एकत्र दाबताच घेतली जात नसत आणि ऐन वेळी मुस्तफा उभाच राहायचा. खांद्याला खांदा लावून उभे राहणे संपले होते. आठवण डोळ्यांना मिळाली होती, हातांना मिळाली नव्हती.

ती हातांना मिळायला आणखी बरीच वर्षे गेली. आता अशी हँडले आणि बटणे सुटी मिळतात. त्यांच्या तारा एका लहानशा सर्किटला जोडल्या की ते यूएसबीने संगणकाला लावता येते. मी ते सामान मागवले आणि पेटी करायला मुकुटबनच्याच एका सुतारमामांकडे गेलो. काय हवे ते सांगायला कागदावर चित्र काढू लागलो, तर ते म्हणाले, "राहू दे बाबू. वणीले अशी कपाटं केली हायत मी." आम्ही ज्या फळीवर हात टेकून बालपण घालवले, ती कदाचित त्यांच्याच रंध्याखालून गेली असेल. त्यांनी स्वतः मात्र तो खेळ कधी खेळला नव्हता.

मुकुटबन आता बदलले आहे. 2022 मध्ये इथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. परप्रांतांतून कामगार आले, गावात नव्या खोल्या उठल्या. गेल्या ईदला मी ती पेटी टीव्हीला जोडली. शीरखुर्मा प्यायला शेजारच्या खोलीतली तीन-चार कामगार पोरे आली होती. कोणी बिहारचा, कोणी आदिलाबादकडचा. पडद्यावर चार माणसे उभी राहिली तसा त्यांच्यातला वयाने मोठा असलेला एकजण उठून जवळ आला आणि म्हणाला, "अरे, मुस्तफा!" त्याचे नाव काय, धर्म कोणता, मी विचारले नाही. माझा भाचा दहा वर्षांचा आहे. त्याने मात्र मला विचारले, "मामू, ये मुस्तफा मुसलमान है क्या?" मी म्हणालो, "गेम में कहीं लिखा नहीं है बेटा." तो जरा विचारात पडला. तेवढ्यात बिहारच्या पोराने टोकन टाकल्यासारखे बटण दाबले आणि पिवळी टोपी निवडली. भाचा चिडून ओरडला, "वो मेरा था!" मग मी आमच्या मालकाचा जुना कायदा त्या दोघांना समजावून सांगितला.

हँडलचा डावा स्विच त्या रात्रीपासून अडकतो आहे. सुतारमामांच्या पेटीचे मागचे दार उघडून मी तो पाहिला, साफ केला. पण नवाच घालावा लागेल. बकरी ईदला पोरे पुन्हा येणार आहेत.